परतीचे पैसे

पहिला दिवस : टोरांटो

विमानतळावर सामान तपासणीच्या पट्ट्यावरून आमचा डबा बाजूला काढला गेला. पत्र्याचा, वेरकाडे बिस्किटांचा जुना डबा, कडांना गंज, झाकणावरचं चित्र पुसून पुसून नुसता पिवळा डाग उरलेला. हातमोजे घातलेल्या पोरानं विचारलं, "आत काय आहे?" वन्सं म्हणाल्या, "माझी आई." त्या पोराचा हात जागच्या जागी थांबला. मग मला पुढे होऊन सांगावं लागलं, की बाबा रे, राख नाही, कागद आहेत, उघडून बघ हवं तर.

त्यानं उघडला. पासपोर्टासारखी दोन जुनी पुस्तकं, एक वाहन परवाना, कांद्याच्या पावत्यांची चळत आणि रबरबँड लावलेला नोटांचा पुडका. पुडक्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर एकच शब्द: तेरुख. डच भाषेत तेरुख म्हणजे परत.

ही माझी सासू. 2021 साली 93व्या वर्षी गेली, तेव्हा निर्बंध होते आणि अंत्यविधीला आम्ही मोजून दहा माणसं होतो. डबा तिच्या पलंगाखाली सापडला. पुडक्याखाली आणखी चिठ्ठ्या होत्या, पहिली 1963ची. दर जानेवारीत ती प्रवासी कंपनीला फोन करून हॉलंडच्या तिकिटाचा दर विचारायची आणि वाढला असेल तेवढे पैसे पुडक्यात घालायची. गेली मात्र एकदाही नाही. मी एकदा विचारलं होतं, जात का नाही म्हणून. "पैसे तयार आहेत ना, मग झालं तर," असं म्हणून ती कांदे निवडायला लागली होती.

पुडक्यात चौदाशे वीस डॉलर निघाले. चार भावंडांनी ठरवलं, हे पैसे वाटून घ्यायचे नाहीत, यातून तिचा रस्ता परत चालायचा. जमलं ते आम्हा तिघांनाच: थोरल्या नणंदबाई, माझा नवरा आणि मी. चौदाशेत एकाचंही धड भागत नाही, हे वेगळं.

तिला काय म्हणायचं, हा माझा तेरा वर्षांचा प्रश्न होता. लग्न 1988चं. ती म्हणाली, मला नावानं हाक मार. नारायण पेठेतल्या वाड्यातली मुलगी सासूला नावानं हाक मारणार? "आई" म्हटलं तर ती म्हणे, तुझी आई पुण्यात आहे, तिची जागा मला कशाला देतेस. म्हणून मी आपली "अहो" म्हणून वेळ मारून नेई. तिला तो शब्द फार आवडला. खलाशांची हाक समजून ती शेताच्या त्या टोकावरून मला उलट ओरडायची, "अहॉय!" मुलं झाली, बोलायला लागली, आणि त्यांच्या 'ओमा'वर, म्हणजे आजीवर, आम्ही सगळेच स्थिरावलो.

वन्सं हा शब्द मात्र नणंदबाईंनी पहिल्या दिवशी उचलला. अर्थ कळल्यावर म्हणाल्या, हा मान मला माझ्या भाषेत कुणी दिला नाही.

दुसरा दिवस : रॉटरडॅम

झोप झालेली नाही. तरी दुपारी मास नदीच्या काठी गेलोच. कातेंद्रेख्टच्या धक्क्यावर 1923चं एक लांबलचक गोदाम आहे, तिथे 2025च्या मे महिन्यात फेनिक्स नावाचं स्थलांतराचं संग्रहालय उघडलं. छतातून चकचकीत पोलादी दुहेरी जिना वावटळीसारखा वर निघतो. फोटोत सगळे तोच दाखवतात. आम्ही रमलो खाली, दोन हजार जुन्या बॅगांच्या चक्रव्यूहात. भिंतीसारख्या रचलेल्या पेट्या, पिशव्या, ट्रंका. नवरा म्हणाला, आपल्या लोकांची बॅग यात बसलीच नसती.

खरंच नसती. डच लोक कॅनडाला निघाले ते 'किस्ट' घेऊन, खोलीएवढी लाकडी पेटी. पैसे बाहेर न्यायला मर्यादा होती, सामानाला तेवढी नव्हती. म्हणून असेल नसेल ते विकून वस्तू घ्यायच्या आणि पेटीत भरायच्या: खाटा, सायकली, चिनीमातीचे बुडकुले. ओमाच्या किस्टचं लाकूड पुढे कोंबड्यांच्या खुराड्याला लागलं. माझ्या लग्नापर्यंत ते खुराडं उभं होतं आणि फळीवर पुसटसं 'हॅलिफॅक्स' वाचता येत होतं.

समोरच्या धक्क्यावर हॉटेल न्यूयॉर्क, पूर्वीची हॉलंड-अमेरिका जहाज कंपनीची कचेरी, आता तिथे कॉफी मिळते. प्यालो. महाग होती. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत सरकारच लोकांना जा म्हणत होतं. देश उद्ध्वस्त, घरं नाहीत, शेतजमीन पुरत नाही. 1950 साली पंतप्रधान विलेम ड्रेस यांनी नववर्षाच्या भाषणात लोकांना बाहेर पडण्याचं धाडस करा असं सांगितलं होतं. दीड लाखांहून जास्त डच माणसं पुढच्या वीस वर्षांत कॅनडात उतरली. वन्सं यावर एवढंच म्हणाल्या, "आई कुणाच्या भाषणानं हलणारी नव्हती."

परतताना ट्राममधून एका मोठ्या सभागृहाची जाहिरात दिसली: रॉटरडॅम अहॉय. मी नवऱ्याला कोपर मारलं. त्यानं खिडकीबाहेर बघितलं आणि बराच वेळ मान वळवली नाही.

तिसरा दिवस : झीरिकझे आणि औवरकेर्क

सकाळी बसनं झीलँड प्रांतात. हा प्रांत म्हणजे समुद्रात बोटं पसरावीत तशी बेटं. त्याच्या राजचिन्हावर कमरेपर्यंत लाटांत बुडालेला सिंह आहे आणि खाली लॅटिनमध्ये लिहिलंय, झुंजतो आणि वर येतो. सिंहाचा चेहरा मात्र गटांगळी खाल्लेल्या माणसासारखाच आहे.

झीरिकझेला बेकरीतून बोलुस घेतले. दालचिनी आणि गुळासारख्या काळ्या साखरेत लोळवलेली गुंडाळी. बोटं चिकटून बसतात. वन्संनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, आईचे जास्त करपलेले असत. त्याच चवीची त्यांना सवय, म्हणून उरलेला माझ्या हातात दिला.

औवरकेर्क तिथून सहाएक किलोमीटर. सायकली भाड्यानं घेतल्या. पंचाहत्तरीच्या वन्सं पुढे, मी मागे आणि वारा समोरून. एका वळणावर माझी साखळी उतरली आणि मी खाली उतरायच्या ऐवजी गवतात उतरले. वन्सं मागे वळून बघेनात. "झीलँडमध्ये वारा नेहमी समोरूनच असतो, जाताना आणि येतानाही," हे ओमाचं वाक्य मी विनोद समजत होते.

ओमा याच बाजूची. तिच्या आयुष्यात पाणी तीनदा आलं. पहिल्यांदा 1944 साली, जर्मनांनी मुद्दाम बांध उघडून बेटाचा मोठा भाग बुडवला आणि लोकांना हाकललं, तेव्हा ती सोळा वर्षांची. दुसऱ्यांदा 31 जानेवारी 1953ची रात्र. वायव्येचं वादळ आणि अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती, दोन्ही एकदम. शनिवारची रात्र, रेडिओ मध्यरात्री बंद झालेला, कुणी कुणाला उठवलं नाही. बांध फुटले. आणि जे पहिल्या पाण्यातून छपरांवर चढून वाचले, त्यांतले कितीतरी रविवारी दुपारच्या दुसऱ्या भरतीत गेले. फोनच्या तारा तुटलेल्या होत्या. झीरिकझेतल्या एका हौशी रेडिओवाल्यानं जमवाजमव करून बाहेरच्या जगाला या बेटाची खबर दिली.

औवरकेर्कचं संग्रहालय चार प्रचंड काँक्रीटच्या पेट्यांत आहे. महायुद्धात फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांनी तात्पुरती बंदरं उभारली, त्यासाठी बांधलेल्यांपैकी या उरलेल्या. 6 नोव्हेंबर 1953ला शेवटचं भगदाड बुजवलं ते त्याच बुडवून. म्हणजे नऊ महिने इथे भरती-ओहोटी घराघरांतून ये-जा करत होती. त्या पेट्यांच्या पोटात आता आपण चालतो. थंड, ओलसर, सिमेंटचा वास. एका पेटीत मेलेल्यांची नावं: 1,835 आणि एक. तो एक म्हणजे त्या रात्री जन्मलेलं आणि त्याच पुरात गेलेलं बाळ, ज्याची कुठे नोंदच झाली नव्हती.

वन्सं तेव्हा अडीच वर्षांच्या. त्यांना आठवतं ते फक्त माळ्यावरच्या बटाट्यांचा वास आणि पोटाला टोचणारं काहीतरी. टोचत होता तो हा डबा. ओमानं एका काखेत लेक आणि दुसऱ्या काखेत डबा घेऊन माळा गाठला आणि दोन्ही एकाच दुपट्यात बांधून पोटाशी धरले. पुढे आयुष्यभर तिनं हेच सांगितलं, की पाणी आलं की आधी कागद. भांडी मिळतात, गाय मिळते, पण तू कोण आहेस हे सांगणारा कागद भिजला की मग सरकारी कचेरीत तुझ्याऐवजी नवरा बोलतो.

यात अतिशयोक्ती नाही. नेदरलँड्समध्ये लग्न झालेली बाई कायद्याच्या दृष्टीनं अजाण मुलासारखीच होती. नवऱ्याच्या संमतीशिवाय तिला करारावर सही करता येत नसे की बँकेत खातं उघडता येत नसे. हे बदललं 1 जानेवारी 1957ला. ओमा तोवर निघून गेलेली होती. डब्यातली दोन्ही ओळखपत्रं तिच्याच नावाची आहेत. नवऱ्याची तिनं कधी जपली नाहीत, असं माझा नवरा थोडं फुरंगटून सांगतो.

इथे मला माझी आई आठवली. 1994 साली ती टोरांटोला आली होती तेव्हा या दोघी विहिणी स्वयंपाकघरात बसल्या होत्या, मधे दुभाषी मी. एकीला डच-इंग्रजी, दुसरीला मराठी. कसा कोण जाणे, विषय पुरावर आला. आईनं उठून भिंतीवर हात लावला: 12 जुलै 1961, पानशेत फुटलं, वाड्यात पाणी इथवर. ओमा उठली आणि तिनं आपला हात त्याहून टीचभर वर लावला. आईनं मान हलवली, नाही नाही, आणि हात आणखी वर नेला. दोघींची चढाओढ छताला जाऊन भिडायची ती मी थांबवली. मग ओमानं विचारलं, "वर काय नेलंस?" आई म्हणाली, "देव आणि स्टोव्ह." मी भाषांतर केलं. ओमानं नीट विचार केला आणि निकाल दिला: "स्टोव्ह बरोबर."

आईला तो निकाल मी जरा सौम्य करून सांगितला.

चौथा दिवस

दिवसभर पाऊस. झीलँडचा पाच किलोमीटरचा पूल आणि पूर्व शेल्ड खाडीवरची, समुद्र अडवायची दरवाज्यांची प्रचंड भिंत बसच्या काचेतून पाहिली, काचेवरच्या धारांतून जेवढी दिसली तेवढी. पायांचे गोळे आलेले. लवकर झोपलो.

पाचवा दिवस : हॅलिफॅक्स

ओमाला समुद्र ओलांडायला नऊ-दहा दिवस लागले होते, आम्हाला एक विमान बदलून एक दिवस. तिच्या जहाजाचं नाव ग्रोटे बेअर. युद्धात सैन्यासाठी अमेरिकेत बांधलेलं, नंतर डच सरकारनं स्थलांतरितांसाठी वापरलेलं. ग्रोटे बेअर म्हणजे मोठं अस्वल, आकाशातलं. आपले सप्तर्षी. हे कळल्यावर मी तिला अंगणात नेऊन वसिष्ठाशेजारची अरुंधती दाखवली होती आणि नवीन लग्न झालेल्यांना ती का दाखवतात तेही सांगितलं. ओमानं डोळे बारीक करून बघितलं. म्हणाली, "ती नवऱ्याला धरून बसलीय असं तुम्हाला का वाटतं? कदाचित तोच तिला धरून असेल."

पियर 21 ही बंदरातली बसकी, लांबट शेड. 1928 ते 1971 या काळात सुमारे दहा लाख माणसं इथून कॅनडात शिरली. आता तिथे राष्ट्रीय संग्रहालय आहे. 1935 नंतरच्या नोंदी सरकारकडे अर्ज करून मागवाव्या लागतात. नवऱ्यानं ते काम आधीच केलं होतं, त्यामुळे 1954च्या वसंतातली तिची नोंद आमच्या हातात होती. नवऱ्याच्या नावाखाली तिचं नाव. व्यवसाय: गृहिणी. मुलं: एक. वन्संनी त्या 'एक'वर बोट ठेवलं.

इथल्या बाकांवर बसवून माणसांना एकेक करून पुढे बोलवत. तारेच्या जाळीआड सामान. खाण्याच्या वस्तू, विशेषतः मांसाचे सॉसेज, सीमाशुल्कवाले काढून घेत. ओमानं आपलं सॉसेज त्यांच्या देखत, बाकावर बसून, सबंध खाल्लं. त्यानंतर कुणा धर्मादायवाल्या बाईनं तिला मक्याच्या पोह्यांचं खोकं दिलं, आपण कॉर्नफ्लेक्स म्हणतो ते. दूध घालायचं असतं हे ठाऊक नव्हतं. आगगाडीत तीन दिवस तिनं ते कोरडेच चावले आणि नवऱ्याला सांगितलं, या देशात बिस्किटं बारीक करून विकतात.

संग्रहालयातल्या मदतनीस मुलीनं डबा बघून विचारलं, देणगी म्हणून द्याल का? नवरा माझ्याकडे बघायला लागला, मी वन्संकडे. वन्संनी डबा मांडीवरून पिशवीत ठेवला.

सहावा आणि सातवा दिवस : आगगाडी

हॅलिफॅक्सहून माँट्रियलला जाणारी गाडी, नाव 'ओशन', आठवड्यातून तीनदा, तेराशेवर किलोमीटर, दुपारी निघून दुसऱ्या दिवशी सकाळी पोचते. पोचायला हवी. आमची मधेच मालगाडीसाठी थांबून राहिली. झाडं, झाडं, पुन्हा झाडं. ओमाचं पहिलं पत्र डब्यात आहे, त्यात तिनं आईला लिहिलंय की इथे कुणी राहतच नाही. तिच्या आगगाडीच्या डब्यात लाकडी पट्ट्यांची बाकं होती आणि कोपऱ्यात शेगडी, ज्याचं त्यानं शिजवायचं. आम्हाला प्लॅस्टिकच्या ताटात पास्ता मिळाला.

रात्री झोप येईना म्हणून वन्सं बोलत होत्या. वडील 1963 साली गेले, शेतातच, हृदय बंद पडून. ओमा पस्तिशीची, चार मुलं, धाकटा तेरा महिन्यांचा. भावानं हॉलंडहून लिहिलं, परत ये, आम्ही बघू. त्याच जानेवारीत 'तेरुख'ची पहिली चिठ्ठी आहे. तिला वाटलं असणार की जावं लागेल. पण आधी ती बँकेत गेली, कांद्याच्या बियाण्यासाठी कर्ज मागायला. मॅनेजरनं विचारलं, सही कोण करेल, भाऊ, दीर, सासरा? ती म्हणाली, मी. तो म्हणाला, तसं नाही चालत. ती घरी आली, किस्टमधून आणलेलं शिवणयंत्र आणि घड्याळ विकलं, आणि बियाणं घेतलं. छत्तिसाव्या वर्षी ट्रक चालवायला शिकली. पहाटे दोनला उठून, कांद्याची पोती भरून टोरांटोच्या घाऊक बाजारात जायची. चारच्या सुमाराला भाव ठरायचे. तिथे बायका नसतच. पहिल्या वर्षी लोक तिला भाव सांगत नसत, म्हणून ती शेजारच्या गाळ्याशी कान लावून उभी राहायची आणि त्याच्यापेक्षा पाच सेंट कमी सांगायची. दुसऱ्या वर्षी शेजारचाच माणूस येऊन म्हणाला, बाई, आपण आधी बोलून घेऊ.

"आम्हाला कोण बघायचं पहाटे?" मी विचारलं नव्हतं, तरी वन्सं म्हणाल्या. "मी. तेरा वर्षांची होते. रागही यायचा. ती स्वतंत्र होती, तेव्हा मी घरात होते." मग त्यांनी पांघरूण ओढून घेतलं. इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकलं. ओमाच्या गोष्टी आम्ही सगळे फार हौसेनं सांगतो, मीसुद्धा. त्यांतल्या निम्म्या गोष्टींत पहाटेची शेगडी कुणी पेटवली हे येत नाही.

आठवा दिवस : हॉलंड मार्श

टोरांटोच्या उत्तरेला पन्नासएक किलोमीटरवर महामार्ग 400 एका सपाट, काळ्याभोर खोलगटातून जातो. तोच हॉलंड मार्श. नाव डच शेतकऱ्यांवरून नाही. सॅम्युएल हॉलंड नावाच्या जुन्या सर्वेक्षकावरून नदीला नाव पडलं, नदीवरून दलदलीला. हा सर्वेक्षक स्वतः मात्र जन्मानं डच, त्यामुळे वाद घालायची सोय नाही. 1920च्या दशकात कालवा आणि बांध घालून दलदल आटवली. 1934 साली पहिली डच कुटुंबं आली. माती कुजलेल्या वनस्पतींची, हातात घेतली तर वजनच नाही, कॉफीच्या चोथ्यासारखी. इथे तिला 'मक' म्हणतात. नखांत गेली की आठवडाभर जात नाही. ओमाच्या करंगळीचं नख तर शेवटपर्यंत काळं होतं, दवाखान्यातसुद्धा. नर्सनं घासून बघितलं होतं.

तिसरं पाणी इथे आलं. 15 ऑक्टोबर 1954, हेझल चक्रीवादळ. येऊन जेमतेम सहा महिने. शेजारी म्हणत होते, पाऊस आहे, थांबेल. ओमानं दार उघडलं आणि वास घेतला. बांधाच्या आतलं पाणी आणि बांधावरून आलेलं पाणी यांचा वास वेगळा असतो असं ती म्हणायची. लेक काखेत, डबा काखेत, आणि अंधारात ब्रॅडफर्डच्या टेकाडाकडे चालायला लागली. नवरा किस्टसाठी मागे रेंगाळला. सकाळी खाली सगळा तलाव. काढणी झालेले कांदे आणि गाजरं लाखोंनी तरंगत होती, एक घर तर माणसांसकट जागचं निघून वाहत गेलं होतं. वन्संना ते कांदे आठवतात. त्यांना वाटलं होतं, चेंडू आहेत.

आमचं शेत विकून आता पंचवीस वर्षं झाली. कांदा काढून वाळवायला ओळींत पसरला होता, हवेत तो उग्र गोडसर वास. मेक्सिकोहून हंगामी कामाला आलेली माणसं वाफ्यांत वाकलेली होती, त्यांत दोन बायका. एकीनं आमच्याकडे बघून हात वर केला. वन्संनी केला. बोलण्यासारखं कुणाकडेच काही नव्हतं, भाषाही नव्हती.

रस्त्याकडेला शेतकऱ्याचा विनामाणूस ठेला होता. दहा पौंडांची कांद्याची पिशवी दहा डॉलर, पैसे कुलुपाच्या पेटीत टाकायचे, सुटे हवे असतील तर शेजारच्या बरणीतून घ्यायचे. नवऱ्यानं खिसे चाचपले. कार्डाशिवाय काही नाही. माझ्याकडे पाच युरो आणि एक शंभराची भारतीय नोट. वन्संनी गाडीच्या बोनेटवर डबा उघडला. पुडक्यातलं सगळं संपून वीस डॉलरची एकच नोट रबरबँडमध्ये उरली होती. त्यांनी ती काढून पेटीत टाकली. कांद्याची पिशवी मला दिली. मग बरणीतून दहाची नोट काढली, पुढे-मागे करून बघितली, 'तेरुख'च्या चिठ्ठीत घडी घातली, रबरबँड दोन वेढे देऊन बसवला आणि डब्याचं झाकण तळहातानं दाबून लावलं.